झुलीखालचा खांदा

कंपनीनं मला सुरक्षेबद्दल एक ब्लँकेट दिलं होतं. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला ब्लँकेट! आमच्याकडे मे महिन्यात अंगावरची बनियनसुद्धा ओझं वाटते. पण समुद्रातल्या आमच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मला त्या वर्षीची सुरक्षेची ढाल मिळाली होती आणि ढालीसोबत प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक ब्लँकेट. किरमिजी रंगाचं, जाडजूड, कोपऱ्यात पिवळ्या धाग्यानं विणलेली छोटी ढाल आणि तिच्याखाली अक्षरं: सुरक्षा व पर्यावरण. मी ते एक दिवसही अंगावर घेतलं नाही. एवढी वर्षं झाली, तरी त्याची आठवण निघाली की माझं डोकं फिरतं. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव सेलू तालुक्यात, हिंगणीच्या अलीकडे. आम्ही पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बोर धरणाचं. अशा गावातला मुलगा समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर नोकरीला जाईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्या घरची शेती होती आणि बाबांना बैलांचं वेड होतं. गावच्या पोळ्यात पहिली जोडी कोणाची, हे तेच ठरवायचे. त्यांची नेमणूक कोणी केली नव्हती, पण त्यांनी नारळ दिल्याशिवाय नंबर लागला असं कोणी मानत नसे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. लोणी आणि हळद लावून पळसाच्या पानांनी शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याचा तो मान. त्यामुळे पोळ्याच्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या बैलांचे खांदे पिवळे असतात, आणि वर रंगीत झूल असते. कोणाच्या हळदीखाली धड कातडं आहे आणि कोणाच्या हळदीखाली जुवानं सोलून काढलेली जखम, ते लांबून कळत नाही. बाबा म्हणून ओलं फडकं घेऊन जायचे. शिंगांचे रंग, गळ्यातले गोंडे, कपाळावरचं बाशिंग, सगळं बघून जोडी पसंत पडली की ते झूल मागे सारायचे आणि खांदा पुसायचे. जखम निघाली की त्या जोडीचा नंबर गेला. मालक कितीही मोठा असला तरी गेला.

एका पोळ्याला ती जखम आमच्याच बैलाच्या खांद्यावर निघाली. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा वर्ध्याला आयटीआयला होतो. वखरणीला मी जू नीट न बांधता दोन दिवस रेटून काम केलं आणि डाव्या बैलाचा खांदा सोलला. बाबा तेव्हा बहिणीकडे कारंज्याला गेले होते. ते यायच्या आत मी जखमेवर हळदीचा असा थर दिला की भिंत लिंपावी. पोळ्यात सगळ्या गावासमोर बाबांनी आपल्याच बैलाचा खांदा पुसला, आणि फडक्याला हळदीबरोबर रक्त लागलं. त्यांनी तोरणाखालून आपली जोडी बाहेर काढली आणि घराकडे चालायला लागले. मी मागे मागे. गोठ्यात आल्यावर म्हणाले, “काम करते त्याले लागते. लागलं तं लागलं. झाकलं काऊन?”

महिनाभर त्यांनी मला कासऱ्याला हात लावू दिला नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाही दिलं नव्हतं.

पुढे जाहिरात पाहून अर्ज केला, मुलाखत झाली आणि ऐंशीनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मुंबईच्या समुद्रात एका प्लॅटफॉर्मवर लागलो. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. लोखंडाच्या खांबांवर उभं असलेलं तीन मजली गाव म्हणजे प्लॅटफॉर्म. वरच्या मजल्यावर हेलिकॉप्टर उतरतं, मधल्या मजल्यावर यंत्रं आणि माणसं, आणि सगळ्यात खाली, लाटांच्या डोक्यावर, चालायला लोखंडी जाळ्यांची वाट. माझं पद सुरक्षा सहायक. कामं दोन. एक लाल पुठ्ठ्याचं अपघात रजिस्टर सांभाळायचं, आणि रोज सकाळी जिन्याजवळच्या पाटीवरचा पत्र्याचा आकडा बदलायचा. पाटीवर लिहिलं होतं ‘अपघाताविना दिवस’. गावी मी फार ऐटीत सांगायचो की एवढ्या मोठ्या कारभाराचा हिशोब माझ्या हातात आहे.

त्याच ऐटीत मी माझ्या मित्राला तिथे नेलं. तो आमच्याच गावचा, बौद्ध वस्तीतला, धंद्यानं पेंटर. सेवाग्रामच्या दवाखान्याच्या भिंती रंगवलेला, शाळेवर सुविचार लिहिणारा, अक्षर असं की मास्तरांनी बघत राहावं. प्लॅटफॉर्मवर रंगाचं काम कधी संपत नाही, कारण खारं वारं लोखंड खातं. मी कंत्राटदाराशी बोललो आणि त्याला लावून घेतलं. त्याच्या बाबांनी मला घरी बोलावून चहा पाजला. ते रस्त्याच्या कामावर मेट, म्हणजे मुकादम होते. दीक्षेच्या वेळी दारू न पिण्याची शपथ घेतली, ती स्वतः तर पाळलीच, पण वस्तीत घरोघरी जाऊन दारूची मडकी फोडली. तिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात बसून अक्षर शिकले. चहा पिताना मला म्हणाले, “बाबू, तुह्या भरवशावर पाठवून राह्यलो.”

मी म्हणालो, “काका, काही काळजी करू नका.”

हे वाक्य मला आजही ऐकू येतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दरवर्षी एक समिती येऊन प्लॅटफॉर्मची पाहणी करत असे. कोणाचं काम जास्त सुरक्षित, कोण समुद्र कमी घाण करतो, हे बघून ढाल द्यायची. कल्पना वाईट नाही. कोणी चांगलं काम केलं तर त्याला चांगलं म्हणावं, त्यासाठी पाहायला यावं, यात गैर काय? पण पाहायला येणार म्हटल्यावर आमच्या इनचार्जसाहेबांनी जे आरंभलं, ते आमच्या गावात लग्नघरीसुद्धा होत नाही. महिनाभर नुसतं रंगकाम. कठडे पिवळे, पाइप लाल, जिने हिरवे. तेलकट पाणी समुद्रात सोडायच्या नळाला त्या दिवसापुरतं कुलूप, आणि तपासणीची बाटली भरायची ती वेगळ्याच नळाची. आदल्या दिवसापासून पाण्यावरचा तेलाचा तवंग साबण मारून पांगवायचा. साबणानं तवंग जात नाही, दिसेनासा होतो. पण दिसेनासा झाला की काम झालं, असं आमच्याकडचं शास्त्र होतं.

खालच्या वाटेवरची जाळी गंजली होती. मी दोन महिन्यांपूर्वीच टिपून साहेबांना दाखवलं होतं, एवढं श्रेय मी घेतो. साहेब म्हणाले, “नवीन जाळी समिती गेल्यावर मागवू. आता काढली तर भोक दिसेल. सध्या रंग मारून घे.” मी मान हलवली. माझ्या श्रेयाचा हिशोब तिथेच संपतो.

रंग मारायला मित्रालाच पाठवलं. मी पाठवलं. थोड्या वेळानं तो वर आला. हातातल्या ब्रशवर पिवळा रंग आणि त्याला चिकटलेले गंजाचे पोपडे.

“भाऊ, तिथं रंग कायले लावाचा? ब्रश टेकला का पापुद्रे निघून राह्यले. खालचं पानी दिसून राह्यलं.”

मी म्हणालो, “लाव रे. कमिटी जाऊ दे, मंग नवी येते.”

“तू म्हनते तं लावतो,” तो म्हणाला आणि खाली गेला.

दुसऱ्या दिवशी समिती उतरली. चार माणसं, डोक्यावर कोऱ्या टोप्या. त्यांनी वरचे दोन मजले पाहिले. पाटीवरचा आकडा पाहून माझ्या पाठीवर थाप मारली. माझं लाल रजिस्टर उघडून कोरी पानं चाळली आणि कोऱ्या पानांबद्दल माझं अभिनंदन केलं. खालच्या मजल्याकडे साहेबांनी लांबूनच हात केला, पिवळीधमक वाट उन्हात चमकत होती, आणि समितीला भूक लागली होती. एवढ्यात कोणीतरी कठड्यावरून वाकून पाहिलं. पाण्यात माशांची झुंबड उडाली होती. खरं कारण असं की रोज त्या वेळी भटारखान्याचं उष्टं समुद्रात फेकलं जायचं. त्या दिवशी समितीमुळे फेकायचं बंद होतं आणि मासे बिचारे ताटकळत होते. साहेब म्हणाले, “पाहा, पाणी स्वच्छ असल्याशिवाय एवढे मासे येतील का?” समितीतल्या एकानं ते वहीत लिहून घेतलं. मी शेजारी उभा होतो आणि मला हसू आलं होतं, हे मी लपवत नाही. तोपर्यंत मला सगळा प्रकार गमतीचाच वाटत होता.

समिती जेवायला बसली तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की रंगाचा डबा खाली राहिलाय. त्यांनी मित्राला आणायला धाडलं. त्यानं स्वतः रंगवलेल्या जाळीवर तो चालत गेला आणि जाळी तुटली. लोखंड तुटल्याचा आवाज मी वर ऐकला, आणि तो कुठून आला हे मला एका क्षणात कळलं. खाली धावलो. तो जाळीतून आरपार जाऊन खालच्या पाइपावर आपटला होता आणि पाइपाला एका हातानं मिठी मारून लोंबकळत होता. खाली समुद्र. दोघा-तिघांनी दोरानं वर ओढला. त्याचं उजवं पाऊल भलत्याच बाजूला वळलं होतं.

आम्ही त्याला रंगाच्या कोठीत नेऊन ठेवलं. साहेब आले, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “वीस मिनिटांत हेलिकॉप्टर निघतंय. त्यांना जाऊ दे. मग बघू.”

मी म्हणालो, “साहेब, त्याच हेलिकॉप्टरनं याला पाठवू ना. एक जागा झाली तर...”

“समितीच्या मांडीवर बसवतोस का याला?”

मी गप्प बसलो. लिहिताना आत्ताही माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, पण तेव्हा मी गप्प बसलो, हीच खरी गोष्ट आहे. दोन शब्द मोठ्यानं बोललो असतो तर जेवणाच्या टेबलापर्यंत ऐकू गेले असते. मी मित्राच्या शेजारी रंगाच्या डब्यांमध्ये बसून राहिलो. त्यानं तोंडात फडकं कोंबून घेतलं होतं, ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून. आणि ते त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. छपरावरून हेलिकॉप्टर उडालं, कोठीतले डबे थरथरले. त्यानं तोंडातलं फडकं काढलं.

“गेलं काय?”

“गेलं.”

“मले काऊन नाई नेलं?”

मी म्हणालो, बोट येऊन राह्यली. बोट संध्याकाळी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराला लागली. तोवर त्याचा पाय मडक्याएवढा सुजला होता, असं बोटीवरचा माणूस मला नंतर सांगत होता.

त्या संध्याकाळी मी रजिस्टर उघडून बसलो. साहेब म्हणाले, “काही लिहू नकोस. कंत्राटाचा माणूस आपल्यात मोजत नाहीत.” म्हणजे रंग लावायला तो आमचा आणि पडायला परका. मी पेनाला टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवरचा आकडा एकानं वाढवला. रोजच्यासारखा वाढवला आणि चहा प्यायला गेलो.

पुढचं काम कंत्राटदारानं केलं. त्याला आपल्या अंगावर काही नको होतं. त्यानं कागदावर लिहिलं की हा माणूस दारू पिऊन बंदराच्या धक्क्यावर पडला, सबब कामावरून कमी केलं आहे. ज्या प्लॅटफॉर्मवर चढताना खिशातली आगपेटीसुद्धा काढून घेतात, तिथून आलेला माणूस दारू कुठून पिणार? पण ते पत्र पोस्टानं आमच्या गावी त्याच्या बाबांच्या हातात पडलं. वर्धा जिल्हा म्हणजे दारूबंदीचा जिल्हा. लपूनछपून पिणारे होतेच, पण पिऊन पडला म्हणजे नाव गेलं. त्यात तो त्या वस्तीतला. आमच्या आळीत ही बातमी पटायला कोणाला वेळ लागला नाही. ज्यांच्या परसात मोहाची मडकी पुरलेली होती, तेही ‘मुंबईची हवा लागली’ म्हणून मान हलवत होते.

सेवाग्रामच्या दवाखान्यात त्याचं हाड पुन्हा बसवलं. त्यांनी जेवढं होतं तेवढं सरळ केलं, पण उशीर झाला होता. तो कुबडी घेऊन घरी आला आणि घरात त्याचं ताट वेगळं झालं. त्याच्या बाबांनी त्याला हाकललं नाही, मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त बोलणं बंद केलं आणि त्याच्यासोबत जेवणं बंद केलं. तो रडून सांगायचा की मी प्यालो नव्हतो. बाबा कधीतरी भिंतीकडे बघून म्हणायचे, “कागदावर लिवलं हाये.” पोटाला चिमटा घेऊन अक्षर शिकलेला माणूस तो. लिहिलेलं खोटं असू शकतं, हे त्याच्या मनाला शिवतही नव्हतं.

मित्रानं माझ्याकडे निरोप पाठवला. “एक डाव येजो, भाऊ. बाबाले सांगून देजो, म्या पेलो नोयतो. तुह्यं ऐकतीन ते.” एवढंच. त्याला दुसरं काहीच नको होतं. मी निरोप आणणाऱ्याला म्हणालो, पुढच्या सुट्टीत येतो. तीन सुट्ट्या गेल्या. गावात शिरायची वाट त्याच्या घरावरून जात होती, म्हणून मी कालव्याच्या बाजूनं चिखल तुडवत यायला लागलो. दरम्यान मुंबईत कार्यक्रम झाला, ढाल मिळाली, आणि फोटोत ढालीचा एक कोपरा धरायला मला वर बोलावलं. मी धरला. कोपरा धरून हसलोसुद्धा.

ब्लँकेट घेऊन घरी आलो तो पोळ्याचा आठवडा होता. आईनं ते खाटेवर पसरून शेजारपाजारच्या बायकांना दाखवलं. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या. बाबा ओलं फडकं घेऊन रांगेतून फिरत होते. मैदानाच्या कडेला मित्र कुबडीवर उभा होता. त्याला मी सहा महिन्यांनी पाहत होतो. गाल बसले होते. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, “सांभाळून उभा राह्य बे, पडशीन! आज घेतली का नाई?” लोक हसले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळ्या मैदानात खरं माहीत असलेला दुसरा माणूस मीच होतो. मी बैलांकडे पाहायला लागलो.

पसंत पडलेली जोडी गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याची होती. शिंगांना बेगड, अंगावर आरशांची झूल. बाबांनी झूल मागे सारली, खांदा पुसला आणि फडकं वर करून दाखवलं. मालकाचा चेहरा पडला. नारळ दुसऱ्या एका साध्या जोडीला गेला, जिच्या झुलीला ठिगळ होतं.

घरी आल्यावर बाबा खाटेवर बसले, तर खाली ते ब्लँकेट. त्यांनी पिवळ्या धाग्यावर बोट फिरवलं.

“हे कायचं बक्षीस म्हनते?”

“कोणाला लागलं नाही म्हणून, बाबा. वर्षभर एकालाही लागलं नाही.”

“पाहाले कोन आलते?”

“समिती आली होती. चार मोठे साहेब.”

“खांदा कोनं पुसून पाह्यला?”

त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी आपला धंद्यातला प्रश्न विचारला होता. पण मैदानावर गिळलेलं सगळं मी सांगून टाकलं. जाळी, रंग, कोठी, हेलिकॉप्टर, कोरं पान, सगळं. आई चुलीपाशी होती, तिचा हात थांबला. बाबांनी ब्लँकेटाची घडी केली आणि ते नेऊन गोठ्यात ठेवलं. परत येऊन म्हणाले, “एक डाव सांगितलं होतं तुले.”

मी म्हणालो, “आत्ता जातो त्यांच्याकडे. सांगतो.”

“खाली हातानं जाऊ नोको. तो मानूस कागद पाहून रुसला हाये. कागद घेऊन जाजो.”

मी परत समुद्रात गेलो तो डोक्यात राख घालूनच. पहिल्याच सकाळी पाटीवरचे तीनही आकडे काढले आणि एकटं शून्य टांगलं. मग रजिस्टर उघडलं. त्यात नोंद इंग्रजीत करायची रीत होती, कार्बन घालून तीन प्रतींत. मी मराठीत लिहिलं, कारण ते कोणी वाचायचं हे ठरलेलं होतं. मूळ पान रजिस्टरात राहिलं, एक प्रत किनाऱ्यावर जाणाऱ्या टपालाच्या पिशवीत टाकली, एक माझ्या पेटीत. साहेबांना कळेपर्यंत पिशवी निघून गेली होती. त्यांनी माझ्यासमोर पान फाडलं आणि मला नमकहराम म्हणाले. मी त्यांना त्याहून वाईट म्हणालो. दुपारपर्यंत पाटीवर जुनेच आकडे परत लागले होते.

ढाल कोणी परत मागितली नाही. माझी बदली किनाऱ्यावरच्या गोदामात झाली, नटबोल्ट मोजायला. पण टपालानं गेलेला कागद कोणाच्या तरी टेबलावर पडला असणार, कारण पंधरा दिवसांत खालच्या मजल्यावर नवी जाळी बसली. दोन ओळी लिहिल्यानं बसली. त्या दोन ओळी मी गंज पहिल्यांदा पाहिला तेव्हाच वरपर्यंत धाडल्या असत्या तर, हा विचार मी पुरा करत नाही.

गावी पोचलो त्या दिवशी कालव्याची वाट धरली नाही. सरळ मित्राच्या घरी गेलो. उतरती दुपार होती. त्याचे बाबा ओट्यावर बसून दोर वळत होते, तो आत भिंतीला टेकून होता. मी कागद काकांच्या हातात दिला. त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि अक्षराखाली बोट ठेवून एकेक शब्द मोठ्यानं वाचायला लागले. समिती आली त्या दिवशी दुपारी खालच्या वाटेवरची गंजलेली जाळी तुटून पेंटर खाली पडला. त्याच्या पायाचं हाड मोडलं. तो पूर्ण शुद्धीत होता, दारू प्यालेला नव्हता. जाळी गंजलेली आहे हे सुरक्षा सहायकाला माहीत होतं. तिला रंग लावायला त्यानंच सांगितलं. खाली माझं नाव आणि सही.

‘प्यालेला नव्हता’ या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. ते शब्द त्यांनी दोनदा वाचले. मग शेवटपर्यंत गेले. आतून मित्राचा हुंदका ऐकू आला. काकांनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आत बायकोला हाक मारली, “अवो, आज रातच्याले दोघाइचं ताट सोबत वाढजो.”

मी उठायला लागलो. मला वाटलं होतं ते मला शिव्या देतील, किंवा उपकार मानतील. दोन्हींची तयारी करून आलो होतो. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. आवाज चढवला नाही.

“बस, बाबू. त्यानं पेली नोयती, हे समजलं मले. आता तुह्यं सांग. त्याच दिवशी हे लिवलं नाई, तवा तू काय पिऊन होता?”